ताशी पंधरा रुपयांची सावली

वऱ्हाडातला माणूस आवाजात झोपतो. मार्च संपत आला की माळ्यावरचा कूलर खाली उतरतो, त्याला नव्या ताट्या बसतात, लोखंडी पेटी खिडकीत चढते आणि पुढचे तीन महिने घरात घरघराट चालू राहतो. त्या आवाजात आम्ही बातम्या पाहतो, लग्नाच्या बोलणी करतो, फोनवर ओरडतो. मध्यरात्री लाईन गेली आणि कूलर थांबला, तर उकाड्याच्या आधी शांततेनंच जाग येते. आमच्या वलगावात हे कोणाला सांगावं लागत नाही.

म्हणून मला एका प्रश्नाची गंमत वाटते. दोन वर्षांपूर्वी मी एक सेकंडहँड इलेक्ट्रिक गाडी घेतली. नोकरीतून निवृत्त झालो होतो, अम्मीला महिन्यातून दोनदा अमरावतीला दवाखान्यात न्यावं लागतं, आणि दहा-बारा किलोमीटरच्या त्या रस्त्यासाठी पेट्रोल जाळणं जीवावर येत होतं. गाडी दारात आली तेव्हा पाहायला येणाऱ्यांचे तीन प्रश्न ठरलेले होते. एका चार्जिंगमध्ये किती चालते? बॅटरी किती वर्षं टिकते? आणि आत बसून एसी लावला की तिसरा : “सर, याचा आवाज लय येते हो. काही बिघाड तर नाही?”

कूलरच्या धडधडीत वाढलेला माणूस एसीच्या गुणगुणीला बिघाड म्हणतो! पण प्रश्न चुकीचा नाही. मलाही पहिल्या आठवड्यात तसंच वाटलं होतं. आज लिहायचं आहे ते या आवाजाबद्दल, गाडीतल्या त्या तापमानाच्या आकड्याबद्दल, आणि या दोन्हींचा गैरसमज करून घेऊन मी एका माणसाशी कसा वागलो त्याबद्दल.

आधी आवाजाचं सांगतो, कारण माझी चूक तिथूनच सुरू झाली.

पेट्रोल-डिझेलच्या गाडीत एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाला पट्ट्यानं जोडलेला असतो. इंजिन फिरेल तसा तो फिरतो. त्याचा आवाज असतोच, पण इंजिनाच्या आवाजात तो बुडून जातो. लग्नाच्या वरातीत कोण शिंकलं ते कळत नाही, तसं. इलेक्ट्रिक गाडीत इंजिनच नाही. तिथे कॉम्प्रेसरला स्वतःची मोटर असते आणि ती गाडीच्या मोठ्या बॅटरीवर चालते. गाडी थांबलेली असली तरी तो पूर्ण वेगानं फिरू शकतो. म्हणूनच सिग्नलला उभं राहिलं की पेट्रोल गाडीतली हवा कोमट होते, इलेक्ट्रिक गाडीतली होत नाही. मात्र गाडी उभी आणि बाकी सगळं शांत असताना, समोर बॉनेटखालून येणारी ती गुणगुण एकदम कानावर येते.

उभ्या गाडीत आणखी एक गोष्ट घडते. एसी आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो आणि ते काम गाडीच्या नाकाशी बसवलेल्या जाळीतून होतं. गाडी धावत असली की वाराच ती जाळी थंड करतो. गाडी उभी असली की वारा नाही, मग तिथला पंखा जोरात फिरावा लागतो. त्यात बऱ्याच गाड्यांमध्ये बॅटरी थंड ठेवण्याचं कामही याच यंत्रणेकडे असतं. जलद चार्जरवर गाडी लावली की आत कोणी नसतानाही पुढचा पंखा घोंघावू लागतो तो त्यामुळे. आपल्याकडच्या मे महिन्यात बॅटरीलाही ऊन लागतं.

म्हणजे उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा जास्त आवाज करते. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटतं, केवढी वीज चालली आहे! प्रत्यक्षात तो आवाज बराचसा पंख्याचा असतो. आवाज किती आणि वीज किती, यांचं नातं आपल्याला वाटतं तितकं सरळ नाही. हे मला तेव्हा माहीत असतं तर पुढचं घडलं नसतं.

आता आकड्याचं.

गाडीत बसलं की आपल्यापैकी बहुतेकांचा हात एसीच्या बटणाकडे जातो आणि आकडा खाली खाली नेतो. १८. काही गाड्यांत त्याच्याही खाली ‘लो’ असं लिहिलेलं येतं. आपली समजूत अशी की १८ लावलं की गाडी लवकर थंड होईल. तसं होत नाही. उन्हात तापलेल्या गाडीत तुम्ही १८ लावा की २४, सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं कॉम्प्रेसर आपल्या पूर्ण ताकदीनंच चालतो. फरक पडतो तो नंतर. २४ किंवा २५ लावलं असेल तर तिथे पोचल्यावर तो वेग कमी करतो, ब्लोअर मंद होतो, आवाज उतरतो. १८ लावलं असेल तर वऱ्हाडाच्या उन्हात तो तिथे पोचतच नाही, आणि थकल्या बैलासारखा शेवटपर्यंत ओढत राहतो. आवाज तसाच, वीज तशीच, आणि मागे बसलेल्या म्हाताऱ्या माणसाचे गुडघे धरलेले.

घरातल्या एसीबद्दल हे सरकारनंही सांगून झालं आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या नियमानुसार १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबल असलेले खोलीचे नवे एसी सुरू होताना २४ अंशांवर सुरू व्हायला हवेत. एक अंश वर गेलं की साधारण सहा टक्के वीज वाचते, असं हा ब्युरो सांगतो. जून २०२५ मध्ये तर एसीचं तापमान २० ते २८ अंशांच्या मध्येच ठेवता येईल असा नियम आणण्याचा विचार केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल खट्टर यांनी बोलून दाखवला. त्यावर खूप चर्चा झाली, विनोद झाले. माझ्या घराचं किती ठेवायचं ते सरकार कोण सांगणार, असंही लोक म्हणाले.

पण गाडीतला आकडा हा एका माणसाचा आकडा नसतोच. लहान गाड्यांमध्ये एसीची तोंडं पुढेच असतात. मागे बसलेल्या मालकाला गार वाटेपर्यंत पुढे स्टिअरिंग धरलेल्या माणसाची बोटं बधिर होतात. उजवीकडून ऊन येत असेल तर काचेतून ते ड्रायव्हरच्या दंडावर पडतं आणि डाव्या बाजूचा माणूस म्हणतो, थंडी वाजते. आकडा एकच, पण गाडीत चार हवामानं असतात. आणि आकडा कोण लावतं? ज्याची गाडी आहे तो. ड्रायव्हर कधी विचारल्याशिवाय बटणाला हात लावत नाही. हे आपण कधी ठरवलेलं नाही, पण सगळ्यांना माहीत आहे.

माझ्या गाडीचे ड्रायव्हर म्हणजे गावातले एक चाचा. मला गाडी चालवता येते, पण अमरावतीच्या गर्दीत अम्मीला घेऊन जायचं, पुन्हा गाडी लावायला जागा शोधायची, हे मला एकट्याला जमत नाही. चाचांनी आयुष्य काळी-पिवळीवर काढलं. वलगाव, परतवाडा, दर्यापूर, हे रस्ते त्यांना पाठ. वय साठीच्या पुढचं. दिवसाचे सहाशे रुपये घेतात. मला ‘सर’ म्हणतात, मी त्यांना ‘चाचा’ म्हणतो, आणि मला वाटत होतं की इतकं म्हटलं म्हणजे झालं.

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. पारा चव्वेचाळीसच्या आसपास होता. आम्ही दवाखान्यात साडेअकराला पोचलो. डॉक्टरांकडे गर्दी, आमचा नंबर तिसावा की बत्तिसावा. अम्मीला आत पंख्याखाली बसवून मी पाण्याची बाटली घ्यायला गाडीकडे आलो. लांबूनच मला गाडीचा पंखा ऐकू आला. जोरात. काचा बंद, आत चाचा सीट थोडी मागे करून बसलेले.

मला खरंच सांगायचं तर राग आला. तोंडून एवढंच निघालं, “चाचा, उभ्या गाडीत एसी कशाला? चार्जिंग उतरून जाईल. बंद ठेवा.”

चाचा गडबडून उठले. “हो सर, करतो बंद. आताच लावलं होतं.” बटण दाबलं. पंख्याचा आवाज थांबला. मी बाटली घेतली आणि समाधानानं आत गेलो. त्या वेळी गाडीत बासष्ट टक्के चार्जिंग होतं. घर बारा किलोमीटरवर. यातला हिशोब मी केलाच नाही. आवाज ऐकला आणि निवाडा देऊन मोकळा झालो.

आमचा नंबर आला तेव्हा अडीच वाजून गेले होते. अम्मीचा हात धरून बाहेर आलो तर गाडीत चाचा नाहीत. एसी बंद गाडीत त्या वेळी कोणी बसूच शकलं नसतं. बाहेर चव्वेचाळीस असताना उन्हात उभ्या बंद गाडीच्या आत तासाभरात पारा साठीच्या घरात जातो. चाचा कुंपणाला लागून असलेल्या कडुनिंबाखाली बसले होते. मे महिन्याच्या दुपारी निंबाची सावली ती किती, आणि तीही सरकत गेलेली. डोक्याला ओला केलेला दुपट्टा होता, तो वाळून कडक झाला होता. खिशात कांदा होता, आपल्याकडची जुनी माणसं ठेवतात तसा. चेहरा उतरलेला. जवळच त्यांनी उलटी केली होती.

मी काहीतरी बोलायला लागलो. इतका वेळ का बसलात, आत का नाही आलात, असंच काहीतरी. ते म्हणाले, “तुमी म्हनलं होतं ना सर, बंद ठेवा म्हनून. आपल्याले सवय हाय उनाची.”

अम्मीनं मला मधेच थांबवलं. “पहले इनकू पानी पिला. हिसाब बाद में कर.”

एक सिस्टर धावत आली. आम्ही चाचांना गाडीत बसवलं, एसी लावला, ओल्या फडक्यानं मान आणि हात पुसले, मीठ-साखरेचं पाणी घोटघोट दिलं. सिस्टर म्हणाली, घाम येतोय ते बरं आहे. घाम थांबला असता आणि असंबद्ध बोलू लागले असते तर भरतीच करावं लागलं असतं. अर्ध्या तासानं त्यांना बरं वाटलं. परतीला गाडी मी चालवली. पेढीचा पूल येईपर्यंत कोणी काही बोललं नाही.

अम्मीनं सांगितलेला हिशोब मी नंतर केला. पुढच्या रविवारी दुपारी एक वाजता गाडी अंगणात भर उन्हात उभी केली, आत बसलो, एसी २५ वर लावला आणि घड्याळ पाहिलं. चार्जिंग एकाहत्तर टक्के होतं. पहिली दहा मिनिटं पंखा आणि कॉम्प्रेसर दोन्ही जोरात. मग आवाज उतरत गेला. तासाभरानं चार्जिंग सदुसष्ट. चार टक्के. माझ्या गाडीची बॅटरी तीस युनिटची आहे, म्हणजे साधारण सव्वा युनिट. घरच्या विजेच्या दरानं जास्तीत जास्त पंधरा रुपये.

त्या दिवशी चाचांनी तीन तास एसी चालू ठेवला असता तर चाळीस-पन्नास रुपयांची वीज गेली असती. बासष्टचे पन्नास टक्के झाले असते. घरी यायला पाच-सहा टक्के पुरतात. मी चाळीस-पन्नास रुपये वाचवण्यासाठी साठीच्या पुढच्या माणसाला तीन तास उन्हात बसवलं होतं. दवाखान्याच्या दारातल्या कँटीनमध्ये मी आणि अम्मीनं तेवढ्याचा चहा-नाश्ता केला होता.

तुम्ही म्हणाल, सर, हे तुमचं झालं, आम्हाला का सांगता? सांगतो, कारण मी जे बोललो ते मी एकटाच बोलत नाही. त्यानंतर मी दवाखान्यांच्या, मंगल कार्यालयांच्या, बँकांच्या बाहेर पाहू लागलो. उभ्या गाडीत चारी दारं उघडी टाकून बसलेले ड्रायव्हर, झाडाखाली बसलेले ड्रायव्हर, भिंतीच्या दोन फूट सावलीत उकिडवे बसलेले ड्रायव्हर. त्यात इलेक्ट्रिक गाड्यांचेही. विचारलं तर उत्तर एकच, “शेठ म्हणते बंद ठेव.” एक जण म्हणाला, “लावला तर आवाज येते ना साहेब, लगेच कळते.” गाडी इतकी शांत आहे, आणि त्या शांततेनं ड्रायव्हरचीच चुगली केली.

पेट्रोलच्या गाडीत या सवयीला कारण तरी होतं. एसीसाठी उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवलं तर तासाला लिटरभर पेट्रोल जायचं, म्हणजे आजच्या भावानं शंभर रुपये. धूर व्हायचा, शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या नाकात जायचा. बंद जागेत तर तो धूर जीवघेणा. तेव्हा “इंजिन बंद ठेव” हे शहाणपण होतं. इलेक्ट्रिक गाडीत इंजिन नाही, धूर नाही, आणि शंभराचे पंधरा झाले आहेत. कारण गेलं, सवय राहिली. असं पुष्कळ गोष्टींत होतं. आपण नवी गाडी घेतो आणि तिच्यात जुना मालक बसवतो.

मला वाटतं, सवयीच्या खाली आणखी काहीतरी आहे, आणि ते बोलायला जड जातं. एसी ही आपल्याला गाडीची सोय वाटत नाही, मालकाचा मान वाटतो. मालक आत असेपर्यंत तो चालू, मालक उतरला की त्याचं काम संपलं. मग आत माणूस असो वा नसो. काळी-पिवळीत आम्ही वीस-वीस जण कोंबून गेलो तेव्हा हा प्रश्न नव्हता. सगळे सारखेच भाजत होतो.

ड्रायव्हरची बाजू सरकारला अजिबात दिसत नाही असं नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं डिसेंबर २०२३ मध्ये नियम काढला की १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकच्या केबिनमध्ये एसी असलाच पाहिजे. ट्रक ड्रायव्हर पंचेचाळीस अंशांत बारा-बारा तास गाडी चालवतो, त्याला झोप येते, चक्कर येते, अपघात होतो, हे मान्य करायला आपल्याला इतकी वर्षं लागली. उशिरा का होईना, मान्य केलं. मात्र नियम एसी बसवायला लावू शकतो, चालू ठेवायला लावू शकत नाही. तो मालकाच्या डिझेलच्या हिशोबावर चालतो.

शहरातल्या ॲप टॅक्सीत हाच हिशोब उलटा होतो. एप्रिल २०२४ मध्ये हैदराबादच्या ॲप टॅक्सीचालकांनी ‘नो एसी’ मोहीम काढली होती. मिळणाऱ्या भाड्यात एसीचा खर्च निघत नाही, एसी हवा असेल तर वरचे पैसे द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. प्रवासी चिडले. पण त्यातलं साधं सत्य असं की थंड हवा फुकट येत नाही, ती कोणाच्या तरी खिशातून येते. तिथे ती ड्रायव्हरच्या खिशातून जात होती. माझ्या गाडीत ती माझ्या खिशातून जाणार होती, म्हणून मला चार्जिंगची काळजी वाटली.

आणि आपलं ऊन काही थट्टेचं नाही. २०२४ च्या मे महिन्याच्या शेवटी अकोल्यात पारा ४५ च्या पुढे गेला तेव्हा जिल्हा प्रशासनानं ३१ मेपर्यंत कलम १४४ लावलं होतं. दंगल नाही, निवडणूक नाही, उन्हासाठी. कामगारांना पाणी आणि पंखे पुरवा, शिकवण्यांच्या वेळा बदला, असं सांगावं लागलं होतं. गाडीत वाट पाहणारा माणूस मात्र कुठल्या आस्थापनेत मोजायचा? त्याची आस्थापना म्हणजे तुमची गाडी. आणि तिथला अधिकारी तुम्ही.

यावर मी ऐकलेले आक्षेप खोटे नाहीत, म्हणून त्यांचंही बोलतो.

पहिला रेंजचा. बॅटरी उतरली आणि रस्त्यात अडकलो तर? रास्त आहे. परतवाड्याहून वर चिखलदऱ्याला जायचं असेल तर घाटात चार्जिंग भराभर उतरतं, आणि वाटेत चार्जर कुठे आहे ते आधी पाहून ठेवावं लागतं. पंधरा टक्के उरलेले असताना उभ्या गाडीत तासन् तास एसी लावा असं मी म्हणत नाही. पण आपला नेहमीचा प्रवास कुठला? वलगाव ते अमरावती. भातकुली ते अमरावती. चार्जिंग पन्नास-साठ असताना रेंजचं नाव सांगणं हे माझ्यासारखं आहे. निघण्याआधी, चार्जरची वायर लागलेली असतानाच गाडी थंड करून घेतली तर सुरुवातीची सगळ्यात जास्त खाणारी दहा मिनिटं घरच्या विजेवर जातात. उन्हात उभी गाडी सुरू करताना दोन मिनिटं काचा उघड्या ठेवून कोंडलेली गरम हवा आधी बाहेर जाऊ दिली आणि मग आतलीच हवा फिरवायचं बटण दाबलं, तर एसीचं अर्धं काम हलकं होतं. पुढच्या काचेला आतून पडदा लावला तर आणखी. आणि आकडा २५. या चार गोष्टींनी जेवढं वाचतं, तेवढ्यात ड्रायव्हरचा तास बसतो.

दुसरा आक्षेप, यानं बॅटरी खराब होते. बॅटरीला त्रास होतो तो उष्णतेचा. सव्वा युनिटाच्या वापरानं तिला काही होत नाही. त्यापेक्षा गाडी सावलीत लावायला ड्रायव्हरला चार पावलं लांब जाऊ दिलं, तर बॅटरीचं जास्त भलं होईल.

तिसरा, ड्रायव्हर झोपतो. झोपू द्या. पुढे तुम्हाला आणि तुमच्या लेकरांना घेऊन जायचं आहे त्यानं. झोपलेला ड्रायव्हर उभ्या गाडीत असलेला बरा. काळजी एवढीच घ्यायची की गाडी पार्किंगमध्ये टाकलेली असावी, हँडब्रेक लावलेला असावा. गाडी इतकी शांत असते की ती सुरू आहे हेच विसरायला होतं, आणि चुकून पाय पडला तर ती निघते. काही गाड्या ठरावीक वेळानं एसी आपोआप बंद करतात. ते ड्रायव्हरला माहीत हवं, आणि तो झोपला असेल तर काच बोटभर उघडी हवी. लहान मुलाला मात्र एसी चालू आहे म्हणून गाडीत एकटं सोडू नका, कधीच.

चौथा आक्षेप कोणी तोंडानं बोलत नाही. “आज एसी दिला, उद्या आणखी काही मागेल.” याचं उत्तर माझ्याकडे नाही. चाचांनी मला कधी काही मागितलं नाही, हेच तर दुखणं आहे.

आमचं वलगाव नकाशावर लहान आहे, पण एका गोष्टीसाठी लोक त्याचं नाव घेतात. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीला जाताना गाडगे महाराजांनी वलगावजवळ, पेढीच्या काठी, प्रवासातच शेवटचा श्वास घेतला. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, बेघराला आसरा द्या, असं सांगत तो माणूस आयुष्यभर फिरला. धर्मशाळा बांधल्या, पण स्वतः झाडाखाली झोपला. लहानपणी अब्बा त्या पुलावरून सायकलनं नेताना मला ही गोष्ट सांगायचे. अब्बांना त्यात आपलं-परकं काही वाटत नसे. आमच्या मोहल्ल्यात उन्हाळ्यात सबील लागते, चौकात पाणपोई लागते. रांजण तोच, लाल फडकं तेच, नाव वेगळं. पाणी पिणाऱ्याला कोणी विचारत नाही तू कोणाचा, कुठे कामाला.

सावलीचंही तसंच का असू नये? पाणपोई लावायला वर्गणी लागते, रांजण लागतो, पाणी भरायला माणूस लागतो. दारातली इलेक्ट्रिक गाडी ही तयार सावली आहे. ती चालू ठेवायला ताशी पंधरा रुपये लागतात, आणि एक वाक्य. ते वाक्य मालकानं स्वतः, उतरताना, मोठ्यानं बोललं पाहिजे. कारण न सांगता ड्रायव्हर बटणाला हात लावणार नाही. “मी विचारलं तर तो लावेल” यावर राहू नका. तो विचारणार नाही.

मी आता उतरताना म्हणतो, “चाचा, एसी पंचवीसवर चालू ठेवा, मी येईपर्यंत बंद करू नका.” पहिल्या दोन-तीन खेपांना मी बाहेर आलो तेव्हा गाडी बंदच होती आणि चाचा झाडाखाली होते. विश्वास बसला नसावा. मी काही बोललो नाही, फक्त पुढच्या वेळी आणखी स्पष्ट सांगितलं.

मागच्या आठवड्यात दवाखान्यातून बाहेर आलो तेव्हा लांबूनच गाडीचा पंखा ऐकू आला. आत चाचा सीट मागे करून झोपले होते, दुपट्टा गळ्यात, तोंड थोडं उघडं. मी काचेवर टकटक करणार होतो. अम्मीनं माझा हात धरला आणि म्हणाली, पाच मिनिटं थांब. आम्ही दोघं व्हरांड्यातल्या बाकावर बसलो.